अर्जुनाची दोन वर्षं

आटपाडीच्या बाजाराच्या मागं आप्पासो शेठचं डाळिंबाचं शेड आहे. तिथं मी काट्यावर बसते. आलेला माल तोलायचा, गेलेला माल तोलायचा आणि बायकांची हजेरी लावायची, एवढं माझं काम. आमचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन परत आलेत, पेन्शन चालू आहे, तेव्हा संयोगिताला कामाची काय गरज, असं भावकीत बोललं जातं. बोलणाऱ्यांना घरी बसून दिवसभर सुभेदार ऐकावे लागत नाहीत. मी सकाळी डबा भरते आणि सुटते.

ही हकिकत माझी नाही, अर्जुनाची आहे. पण सांगणार मी, आणि मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. राग नक्की कुणाचा, ते मात्र अजून नीट ठरत नाही.

अर्जुना धनगराची. म्हसवडच्या पुढं एका वस्तीवर तिचं माहेर, आणि इकडं आटपाडीजवळ आत्याच्या घरी दिलेली. आत्याचा मुलगा धनाजी हा तिचा नवरा. त्या घरातली मेंढरं केव्हाच विकली गेली. धनाजी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. हंगामात रोज काम असतं, हंगाम सरला की रोज कामाची वाट बघायची. एक मुलगी, समीक्षा. घर चालायचं ते अर्जुनाच्या हजेरीवर. शेडमध्ये चांगल्या मालाचं लांब टेबल आहे, त्याच्या वरच्या टोकाला तिची जागा होती. हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख, त्यामुळं आजूबाजूच्या बायका तिच्या बाजूला सरकून बसत.

एका जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडं आली आणि उद्यापासून मला अर्धी हजेरी लावा म्हणाली. मला वाटलं, घरात कुणी आजारी असेल. अर्धी हजेरी ही आमच्याकडं म्हाताऱ्यांची सोय. चांगल्या मालाच्या टेबलावर बसलेली बाई संध्याकाळी गाडी भरल्याशिवाय उठत नाही, कारण मधली एक जागा रिकामी झाली की पुढचं सगळं अडतं. दुपारनंतर ज्यांची कंबर साथ देत नाही अशा दोन-तीन म्हाताऱ्या तेवढ्या पलीकडं पत्र्याखाली, तेल्या रोग लागलेल्या मालाच्या ढिगाशी बसतात. काळे डाग पडलेली, तडकलेली फळं. त्यातली रसाला चालतील ती काढायची, बाकीची फेकायची. दुपारी त्या घरी जातात. चंद्राबाई त्यांची म्होरकी. शेठनं त्यांना ठेवलंय ते उपकार म्हणून, आणि तसं तो येता-जाता बोलून दाखवतो.

अर्जुनाला दुपारी जायचं होतं ते कॉलेजला. दहावीनंतर तिचं लग्न झालं आणि पुस्तकं मिटली. आता तिनं बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं होतं, आणि इथल्या ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांनी दुपारच्या तासांना मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली होती. बारावी झाली की विट्याकडच्या एका नर्सिंगच्या शाळेत दोन वर्षांचा कोर्स, आणि मग एखाद्या दवाखान्यात नोकरी. मी म्हटलं, अगं, कल्पना झकास आहे, पण तोवर घर कसं चालायचं? अर्ध्या हजेरीत तुमचं काय भागणार?

"ताई, मला पगार पायजे," ती म्हणाली. "हजेरी न्हाई."

हजेरी लावणारीच्या तोंडावर हे बोलून ती शेठकडं गेली. शेठ सगळ्यांसमोर हसला आणि एवढ्यात म्हातारी झालीस की काय म्हणून विचारलं. ती व्हय म्हणाली, आपली पाण्याची बाटली उचलली आणि पत्र्याखाली चंद्राबाईच्या शेजारी जाऊन बसली. वरच्या टोकाची तिची जागा संध्याकाळच्या आत दुसरीला गेली.

दोन वर्षं ती त्या ढिगाशी बसली. डाळिंबाच्या सालीनं हात काळे पडतात आणि लिंबू घासा नाहीतर राख घासा, तो काळेपणा सुटत नाही. कॉलेजात ती हात बाकाखाली ठेवून बसायची. एकदा सरांनी फळ्यापाशी बोलावलं, तिनं खडू हातात घेतला आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी फिस्सकन हसली. अर्जुना तिला म्हणाली की हस बाई, तू पितेस त्याच ज्यूसचा रंग आहे हा. हे तिनं मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

घरात ओढाताण चालू झाली. आत्याच्या गुडघ्याचं औषध एक महिना आड येऊ लागलं, चहा काळा झाला, समीक्षाची सायकल पुढच्या वर्षावर गेली. समीक्षाचं वेगळंच दुखणं होतं. तिची शाळा आणि आईचं कॉलेज एकाच रस्त्यावर. मैत्रिणी चिडवतात, तू मागच्या गल्लीनं येत जा, असं तिनं आईला सांगितलं. अर्जुना दोन वर्षं मागच्या गल्लीनं गेली.

धनाजीबद्दल काय सांगू? दारू नाही, मारहाण नाही, जुगार नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहे हो अर्जुना, नवरा एका शब्दानं बोलत नाही. खरंच बोलत नाही. शीक म्हणाला नाही आणि शिकू नको असंही म्हणाला नाही. रोज जेवताना एक भाकरी कमी खायचा आणि ती न खाल्लेली भाकरी सगळ्यांना दिसेल अशी ताटाबाहेर काढून ठेवायचा. असल्या गरीब स्वभावाच्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडायला समोरून एक वाक्य तरी यावं लागतं.

अर्जुना बारावी पास झाली. फार थाटाचे मार्क नव्हते, पण कोर्सला चालतील एवढे होते. पत्र्याखालच्या म्हाताऱ्यांनी तिला मधे बसवून नारळ फोडला. चंद्राबाईनं आपल्या काळ्या हातानं तिच्या काळ्या हातावर साखर ठेवली. शेठ म्हणाला, झालं ना मनासारखं, आता ये पूर्ण हजेरीवर. तिनं सांगितलं की येत नाही, विट्याला चालले.

कोर्सच्या फीची तजवीज तिच्या माहेरी चरत होती. त्यांच्यात लेकीला लग्नात मेंढी आंदण देतात, पण ती सासरी न्यायची नाही. ती बापाच्या कळपात राहते, तिथंच वाढते, आणि तिची सगळी पिलावळ लेकीच्या नावची. अर्जुनाचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण आई बयाबाईनं लेकीची मेंढरं कानाला खूण करून वेगळी सांभाळली होती. ती अर्जुनानं विकायला लावली. बयाबाईनं एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. हेही मी म्हातारीच्या बाजूनं सांगते, कारण पुढं मी तिच्या बाजूनं फारसं बोलणार नाही.

विट्याला जाताना अर्जुनानं मला सोबत नेलं. मी चार लोकांत बोलू शकते असा तिचा समज. काउंटरवरच्या बाईनं शाळेचा दाखला बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाली की तुम्हाला छत्तीस पूर्ण झालेत, आमच्याकडं पस्तिसापर्यंतच घेतात.

"मी चौतीसची हाय," अर्जुना म्हणाली. आपलं नाव सांगावं इतक्या सहज.

पस्तिसाची अट तिला पहिल्यापासून ठाऊक होती. दोन वर्षं ती त्याच हिशोबानं घाई करत होती, एकही परीक्षा चुकवायची नाही म्हणत होती. मग दाखला एकदाही नीट वाचला नाही का? मी बसमध्ये तिला हेच विचारलं, जरा रागानंच. तिला माझा प्रश्न कळेना. दाखला हा कुणी मागितला की द्यायचा आणि परत घेऊन पेटीत ठेवायचा कागद. वय थोडंच कागदाला विचारायचं असतं? वय आईला ठाऊक असतं. आईनं जन्मभर जो हिशोब सांगितला त्यानं ती चौतीसची होती, आणि तो हिशोब चुकीचा नव्हताच. चूक दाखल्यात होती, आणि ती कशी झाली ते बसमध्येच तिनं मला सांगितलं.

तिच्या लहानपणी त्यांचा कळप दिवाळी झाली की पश्चिमेला निघायचा. थेट पाटणाकडं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत, उन्हाळाभर फिरून पावसाच्या तोंडाला परत. बायकापोरं बरोबर. अर्जुना जन्मली तीही अशीच वाटेवर. तिच्या पाठीवर एक मुलगा झाला, तो एका हिवाळ्यात तिकडंच तापानं गेला. त्याला एका परक्या शेताच्या बांधाला पुरून कळप पुढं गेला, कारण ठरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात बसायचं होतं. पुढच्या दिवाळीला बयाबाईनं नवऱ्याला सांगितलं की ही पोरगी मी वाटेवर नेणार नाही. अर्जुना तेव्हा चार वर्षांची. घरी तिची आजी, जिला धड दिसत नव्हतं. मग बयाबाईनं लेकीला वस्तीच्या शाळेत नेऊन उभं केलं. शाळेला निदान चार भिंती होत्या आणि एक गुरुजी होते. गुरुजी म्हणाले, सहा वर्षांच्या आत नाव घेता येत नाही. बयाबाई म्हणाली, सहाचीच आहे, अंगानं बारीक आहे. गुरुजींना डोळे होते. त्यांना बाईच्या तोंडावरचं काय ते दिसलं असणार, कारण त्यांनी सहा वर्षं मागं जाऊन एक जून लिहून टाकला. आमच्या पिढीतला निम्मा तालुका असाच एक जूनला जन्मलेला आहे.

आमच्या घरातही हे झालेलं आहे, फक्त उलटं. आमच्याकडं उसाची जमीन आणि फौजेची परंपरा. पोरगा शाळेत घालतानाच त्याच्या वयातून वर्ष-दोन वर्षं कमी करायची, म्हणजे भरतीला वय उरतं आणि एक-दोन प्रयत्न फुकट गेले तरी चालतात. माझ्या धाकट्या दिराची अशीच दोन वर्षं कमी लिहिलेली आहेत. तो शेवटच्या प्रयत्नात लागला आणि आज हवालदार आहे. त्याला आमच्या घरात कुणी खोटेपणा म्हणत नाही, दूरदृष्टी म्हणतात. मुलग्यांची वर्षं अशी वाचवून ठेवायची आणि मुलींची आधीच खर्चून टाकायची.

अर्जुनाची दोन वर्षं तर पुढं आणखी कामी आली. कागदावर अठरा पुरी झाली तेव्हा ती सोळाची होती. बापानं बहिणीला शब्द दिलेला. कागदानं कायदा पाळला, मांडव उभा राहिला आणि अर्जुना आटपाडीला आली. त्या वेळी कुणाच्याच मनात आलं नाही की ही पोरगी खरी किती वर्षांची आहे. मनात आलं असेल तरी तोंडावर आलं नाही.

नर्सिंगच्या शाळेतली बाई चांगली निघाली. प्रवेश बंद व्हायच्या आत खऱ्या जन्माचा सरकारी पुरावा आणा, जागा ठेवते म्हणाली. दहिवडीला एक वकील गाठला. त्या दिवशी धनाजीही टेम्पो घेऊन आला होता. वकिलानं सांगितलं की जन्माची नोंद झालेलीच नाही, तेव्हा ती उशिरानं करता येईल, पुढची धावपळ मी करतो. पण सगळं आईच्या जबाबावर आहे. कचेरीत साहेबांपुढं आईनं सांगितलं पाहिजे की मुलगी कुठं आणि कोणत्या साली जन्मली आणि शाळेत वय वाढवून का लिहिलं. मग त्यानं सहज विचारलं, लग्न कधी झालं? अर्जुनानं सांगितलं. वकिलानं मनात हिशोब केला, धनाजीकडं बघितलं आणि हसून म्हणाला की आता इतक्या वर्षांनी हे कोण उकरतंय, काळजी करू नका. धनाजी नेहमीसारखाच काही बोलला नाही. अर्जुनानं तिथूनच आईला फोन लावला.

"सांगते की," बयाबाई म्हणाली. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "माझ्या पोटची हाय. मी न्हाई सांगायची तर कोन सांगंल?"

जबाबाच्या आधीच्याच आठवड्यात बयाबाईच्या शेजारच्या वस्तीवर एका लग्नात पोलीस आले. मुलगी लहान आहे असा कुणीतरी फोन केला होता. मांडवातून मुलीच्या बापाला आणि मामाला गाडीत घालून नेलं, बायका मागं धावल्या, जेवणाच्या पंगती तशाच राहिल्या. आम्हाला ही बातमी कळली होती. मी ऐकून म्हटलंसुद्धा की बरं झालं, एक पोरगी वाचली. तिचा आपल्या कामाशी काही संबंध लागेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

जबाबाच्या दिवशी मी आणि अर्जुना एसटीनं गेलो. बयाबाईला धनाजी टेम्पोतून घेऊन आला. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसली होती, कपाळाला भंडारा होता. साहेब तरुण होता आणि वागायला नीट होता. त्यानं बयाबाईला खुर्ची दिली. ती आधी खाली बसू लागली, मग खुर्चीच्या कडेला टेकली. धनाजी दारात उभा राहिला. अर्जुना आणि मी भिंतीच्या बाकावर बसलो. अर्जुनानं हात पदराखाली घेतले होते, मला वाटतं सवयीनं.

साहेबानं विचारलं, आजी, मुलगी कुठं जन्मली? बयाबाई सुरू झाली आणि मला हायसं वाटलं. पाटणाच्या अलीकडं एका पाटलाचं रान, तिथं आंब्याचं झाड, पाऊस नसताना आलेली गार हवा, नाळ कापणारी नणंद, तिसऱ्या दिवशी उठून कळपामागं चालायला लागलेली ती स्वतः. साहेबानं लेखणी थांबवून ऐकलं. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला, शाळेत घातली तेव्हा मुलगी केवढी होती?

बयाबाई थांबली. तिनं दाराकडं बघितलं. धनाजी तिच्याकडं नाही, बाहेर बघत होता.

"सहाची," ती म्हणाली.

साहेबाला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. त्यानं सावकाश समजावून सांगितलं, आजी, शाळेत सहा लिहिलंय ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही खरं काय ते सांगा, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर ती आणखी घाबरली.

"साळंत लिवलंय त्येच खरं, सायेब. छत्तीसची हाय ती."

अर्जुना उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. घरात हरवलेली वस्तू विचारावी तसं तिनं विचारलं.

"मग माझी दोन वर्सं कुटं गेली, आई?"

साहेब खाली कागदाकडं बघत राहिला. बयाबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि अंगठ्याच्या अगदी जवळ डोळे नेऊन तो कागदावर टेकवला. मला त्या म्हातारीला धरून हलवावंसं वाटलं. चार वर्षांच्या पोरीला वाचवायला ही बाई सरकारी माणसासमोर ताठ उभी राहून खोटं बोलली होती, आणि आता तिलाच वाचवायला एक खरं वाक्य तिच्या तोंडातून निघत नव्हतं. मला संताप आला आणि त्याच वेळी तिच्या शाई लागलेल्या अंगठ्याकडं बघवेना.

बाहेर धनाजीनं चहा आणला. चार कप, मोजून. आम्ही तो उभ्यानं प्यालो. मग त्याला भाडं होतं म्हणून तो टेम्पो घेऊन गेला, आणि म्हातारीला वस्तीवर सोडायला आम्ही दोघी निघालो. एसटीत बयाबाई खिडकीशी बसली होती. तिनं स्वतःच सांगितलं की धनाजी परवा आला होता. मामी, तुम्ही खरं सांगितलं तर माझ्या हातात बेडी पडेल, तुमच्याही पडेल, समीक्षाकडं मग कोण बघणार, असं म्हणाला.

"नवरा आत गेला तर शिकून काय करशील, बाई?" ती अर्जुनाला म्हणाली.

अर्जुनानं तिला सांगितलं की वकील काय म्हणाला होता, तसं काही होणार नव्हतं. बयाबाईनं मान हलवली. शेजारच्या वस्तीवर बापाला गाडीत घालताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, वकील तिथं नव्हता. मग अर्जुना माझ्याकडं वळली आणि म्हणाली की हे त्यानं मला का सांगितलं नाही, ताई? इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडलं, तेही आईकडं जाऊन. भीती खरी होती हे मान्य करते. पण भीती वाटली तर बायकोशी बोलावं. ज्या घरात ती वर्षानुवर्षं भाकरी थापते त्या घरात तिला एवढं तरी मिळायला हवं होतं.

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. विट्याची जागा गेली. मेंढरांचे पैसे फीसाठी ठेवलेले होते, ते आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लागले. अर्जुना सोमवारी शेडला आली आणि पूर्ण हजेरी लावा म्हणाली. शेठनं मोठ्या मनानं तिला चांगल्या मालाच्या टेबलावर घेतलं, अर्थात खालच्या टोकाला, आणि तरणी झालीस की परत, असा विनोद केला. बायका हसल्या नाहीत हे मला आवडलं. चंद्राबाई दुपारी घरी जाताना तिच्या मागं क्षणभर थांबते, पाठीवर हात ठेवते आणि जाते. धनाजी आता पूर्ण भाकऱ्या खातो. समीक्षाला सायकल आली. अर्जुना कामावर येताना अजूनही मागच्याच गल्लीनं येते. मी विचारलं तर म्हणाली, सवय झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी वस्तीवरचं. आम्ही पोचलो तेव्हा मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आलेली होती. बयाबाईनं घरात पाऊल टाकलं आणि तिच्यातली कचेरीतली म्हातारी कुठं गेली कोण जाणे. चूल पेटवली, मला घोंगडं अंथरून दिलं, लेकीला काम करू दिलं नाही. दुधाचा चहा केला, बाजरीची भाकरी थापली, अर्जुनाच्या ताटात वाटीभर तूप ओतलं आणि खा म्हणून समोर बसली. अर्जुना खात होती. रडून झालं नव्हतं, कारण रडायला तिनं सुरुवातच केली नव्हती.

तेवढ्यात शेजारचा कोंडीबा आला. तिच्या बापाच्या वयाचा, त्याच कळपाबरोबर पाटणापर्यंत चाललेला माणूस. लेक कशी काय आली म्हणून विचारलं, आणि मग म्हणाला की ही बारावी पास झाली असं ऐकलं, या वयात कशाला हा उपद्व्याप?

बयाबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून वळली. तिला राग आला होता.

"वय काय झालंय रं तिचं? चौतीसची हाय," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय? पाटलाच्या रानात झाली तवा तूच पानी आनलं हुतंस. चार वर्साची असताना म्या तिला साळंत घातली. एवढीशी हुती, लिवायच्या पाटीमागं दडली तर दिसायची न्हाई. गुर्जीला म्या सहाची म्हनून सांगितलं. सगळ्यांत बारकी असून सगळ्यांच्या म्होरं पास व्हायची माझी पोर."

सगळं आलं. साल आलं, झाड आलं, नणंद आली, गुरुजींचा चष्मा आला. कोंडीबा हो हो म्हणत होता, त्यालाही सगळं आठवत होतं. म्हातारीचा चेहरा चुलीच्या उजेडात लेकीच्या अभिमानानं फुलला होता, आणि त्यात कुठंही खोट नव्हती. मागं तव्यावर भाकरी करपली.

अर्जुनानं घास खाली ठेवला.

"ह्ये तिथं सायबाला सांगायचं हुतंस, आई."

बयाबाईनं तिच्याकडं नवलानं बघितलं. एवढी बारावी शिकलेली पोर, आणि हिला एवढंही कळू नये, असं.

"सायेब काय आपला हाय व्हय?" ती म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी तूप ओतलं.